स्वहस्तें श्मश्रू

कसबा पेठेंतील आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर गेल्या वर्षीं आवराआवर चालली असतां एक पत्र्याची डबी सांपडली. तिच्यांत आजोबांचा दाढीचा रेझर होता : निकेलचा मुलामा जागोजाग उडालेला, दांडा काळवंडलेला, परंतु आटे शाबूत. शेजारीं तांबट आळींत घडविलेली एक लहानशी तांब्याची वाटी. त्याच आठवड्यांत माझा भाचा आपल्या नव्या रेझरसाठीं कार्ट्रिजें घेऊन आला होता व त्यांच्या किंमतीबद्दल कुरकुरत होता. "मामा, ह्यानें अजून दाढी होईल का?" असें त्यानें डबीकडे पाहून विचारलें.

होईल, आणि स्वस्तांत होईल, एवढें उत्तर त्याला पुरलें. परंतु त्या मूठभर पितळेच्या मागें जो इतिहास उभा आहे तो जितका काटकसरीचा आहे तितकाच कोणी कोणाच्या अंगाला हात लावावा याचाहि आहे, आणि ही दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाहीं.

मराठी मुलखांत आपली दाढी आपण करणें ही फार जुनी रीत नव्हे. गांवगाड्यांतील बारा बलुतेदारांत न्हाव्याची गणना होते. वर्षभर गांवाची हजामत करावी व सुगीला खळ्यावरून आपल्या वांट्याचें धान्य न्यावें, असा तो व्यवहार. शहरांत धान्याच्या जागीं पैसे आले, पण रीत तीच राहिली. ठरलेल्या वारीं न्हावी वाड्यांत येई, ओसरीपुढें पाट मांडला जाई, आणि धोकटींतून वस्तरा, कात्री, फणी, नराणी, आरसा व वाटी अशीं आयुधें एकामागून एक बाहेर पडत. पुष्कळ घरीं साबणाचें नांवहि नसे. थंड पाण्यानें गाल चोळून मऊ करण्यांतच अर्धें कसब असे. वस्तऱ्यास धार लावणें, ती चामड्यावर उतरविणें आणि कंठमण्यावरून हलक्या हातानें वस्तरा फिरविणें हें वर्षानुवर्षांच्या सवयीचें काम. गृहस्थानें तें स्वतः करूं म्हटलें तर रक्त निघाल्यावांचून राहत नसे. शिवाय श्मश्रूला वार व तिथि पाहावयाची, आणि ती झाल्यावर स्नान केल्याखेरीज घरांत कशास शिवावयाचें नाहीं. ज्याच्या हातीं आपला गळा निःशंकपणें द्यावयाचा त्याच्याच स्पर्शाचा विटाळ मानावयाचा, ही विसंगति आमच्या वाडवडिलांना फारशी खटकली असें दिसत नाहीं.

विधवांचें केशवपन होई तें याच वस्तऱ्यानें. १८८८ सालीं निघालेल्या 'सुधारकां'तून आगरकरांनीं या चालीवर कोरडे ओढले, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट १८९० सालीं मुंबईस घडली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें तेथील न्हावी सभेला जमले व विधवांच्या मस्तकास वस्तरा न लावण्याचा त्यांनीं निर्धार केला. लेखांनीं जें घराच्या कर्त्या पुरुषाला सांगावयाचें, तें येथें हत्यार धरणारा हातच बोलूं लागला.

पण नकाराचा हाच हात दुसऱ्या दिशेनेंहि उठे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या साताऱ्याच्या बालपणाची आठवण लिहून ठेविली आहे. साताऱ्यास न्हावी नव्हते असें नाहीं, त्यांना द्यावयास पैसे नव्हते असेंहि नाहीं. तरी भावांचे केंस थोरली बहीण कापी, कारण अस्पृश्याच्या डोक्यास हात लावण्यास एकहि न्हावी तयार नव्हता. तिकडे दक्षिण आफ्रिकेंत प्रिटोरिया येथें एका गोऱ्या न्हाव्यानें गांधीजींचे केंस कापण्याचें नाकारलें, तेव्हां त्यांनीं यंत्र विकत घेऊन आरशापुढें स्वतःच केंस कापले. मागची बाजू बिघडली आणि कोर्टांतले स्नेही हंसले. तथापि त्या न्हाव्याला त्यांनीं दोष दिला नाहीं. काळ्यांची सेवा केली तर त्याचीं गोरीं गिऱ्हाइकें तुटतीं, आणि आपण तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची सेवा कोठें करूं देतों, असा त्यांचा विचार होता. दोष न्हाव्याकडून गिऱ्हाइकाकडे नेणारा हा विचार मला फार मोलाचा वाटतो. आपल्या हातानें केंस कापणें हें कित्येकांच्या बाबतींत काटकसरीमुळें सुरू झालें नाहीं. दुकानाचें दार बंद होतें म्हणून तें सुरू झालें.

कात्री बहिणीच्या हातीं देतां येते. उघड्या वस्तऱ्याचें तसें नव्हे. ही अडचण दूर करण्याची कल्पना युरोपांत जुनी आहे. फ्रान्समधील झां-झाक पेरे या सुऱ्या बनविणाऱ्या कारागिरानें अठराव्या शतकांतच वस्तऱ्यास लांकडी आवरण घालून कातडी वांचविण्याची युक्ति काढली. १८८० सालीं अमेरिकेंत कांफे बंधूंनीं संरक्षक पट्टीच्या रेझरचें पेटंट घेतलें. मात्र धार लावण्याचें लचांड दोहोंतहि राहिलेंच. किंग कँप जिलेट या विक्रेत्यानें तेंच काढून टाकण्याचें मनांत आणलें : पातें इतकें पातळ व स्वस्त करावयाचें कीं बोथट झालें म्हणजे फेंकून द्यावें. असें पोलाद होणें नाहीं, असें जाणत्यांनीं त्याला सांगितलें. विल्यम निकर्सन या यंत्रज्ञानें तें करून दाखविलें. १९०३ सालीं विक्री झाली ती अवघ्या ५१ रेझरांची व १६८ पात्यांची. पुढच्या वर्षीं नोव्हेंबरांत पेटंट हातीं आलें. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें सैनिकांसाठीं ३५ लक्ष रेझर मागविले, आणि परतलेले तरुण ती संवय घरीं घेऊन गेले.

बेताच्या मिळकतीच्या मनुष्यानें मात्र १९२१ हें साल लक्षांत ठेवावें. मूळच्या रेझरची किंमत ५ डॉलर होती. त्या सालीं पेटंटाची मुदत संपली, आणि कंपनीनें आपण होऊन जुन्या घाटाचा रेझर १ डॉलरला विकावयास काढला. नफा दांड्यांत नसून पात्यांत आहे हें तिनें ओळखलें होतें. पात्याचा आकार पुढें थोडा बदलला, परंतु जुन्या रेझरांत बसेल असाच राहिला. म्हणून आजोबांच्या रेझरांत आज वाटेल त्या कारखान्याचें पातें बसतें, आणि भाच्याच्या नव्या दांड्यास त्याच कंपनीचें डोकें आणावें लागतें. स्वस्ताईची सगळी मेख येथें आहे.

आमच्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत हें यंत्र दोन महायुद्धांच्या दरम्यान रुळलें. रोज ठरल्या वेळीं कचेरींत किंवा शाळेवर हजर होणाऱ्याला आठवड्यांतून एकदां येणाऱ्या न्हाव्याची वाट पाहणें जमेना. दुसऱ्या महायुद्धांत परदेशी माल मिळेनासा झाला तेव्हां एकच पातें महिनोगणती पुरवावें लागे. आजोबा तें कांचेच्या पेल्यांत आंतल्या बाजूनें बोटानें दाबून घांशीत व पुन्हां लावीत. त्या पेल्यांत आजी कोणाला पाणी देत नसे. पुढें 'टोपाझ', 'पनामा' अशीं देशी पातीं आलीं. गालावरून उतरलेल्या पात्याची नोकरी तरी कोठें संपे? तें शिवण उसवी, नखें काढी, आणि शेवटीं अर्धें मोडून पेन्सिलीला टोंक करण्यासाठीं दप्तरांत जाई.

भाच्याला आरंभासाठीं कांहींच फारसें विकत घ्यावें लागलें नाहीं. रेझर आजोबांचा, तो गरम पाणी, साबण व जुना दांतघांशी ब्रश यांनीं स्वच्छ केला. पात्यांची पुडी, साधा ब्रश, दाढीचा साबण व तुरटीचा खडा एवढें आणलें. एका पात्याची किंमत कोपऱ्यावरच्या चहाहून कमी पडते, आणि तें चारपांच दाढ्या सहज करतें. ज्याच्या घरीं जुना रेझर नसेल त्यानें साधा नवा घ्यावा. परदेशी चकचकाटाच्या नादीं लागूं नये. पैसे वांचविण्यासाठीं जो रेझरांचा संग्रह करूं लागतो त्याचें कांहींच वांचत नाहीं, आणि असे लोक मीं पाहिले आहेत.

कौशल्य थोडेंसें लागतेंच. कार्ट्रिजनें दाबण्याची खोड लागलेली असते, ती आधीं सोडावी. रेझरच्या वजनापलीकडे जोर देऊं नये. स्नानानंतर, केंस मऊ असतां, वाटींत फेंस करून तो ब्रशानें चांगला जिरवावा. पातें गालाशीं सुमारें ३० अंशांचा कोन करील असें धरून केंसांच्या दिशेनें आखूड हात मारावे, आणि पुन्हां फेंस लावून आडवा हात फिरवावा. उलटा हात पहिल्या महिन्यांत मुळींच नको. शेवटीं गार पाणी, आणि ओल्या गालावरून तुरटी.

इतकें सांगूनहि पहिल्या दिवशीं त्यानें हनुवटीखालीं दोन ठिकाणीं कापून घेतलें. तिसऱ्या आठवड्यांत रक्त येईनासें झालें. वापरलेलीं पातीं तो एका झांकणाच्या डब्यांत टाकतो; झांकणाला चीर पाडून घेतली आहे. कागदांत गुंडाळलेलें पातें कचरा वेंचणाऱ्या बाईच्या बोटांत कसें शिरतें हें मीं एकदां पाहिलें असल्यामुळें या बाबतींत मी हट्टी आहें.

केंस कापावयास मात्र तो आमच्या गल्लींतल्या सलूनांतच जातो. तेथील न्हाव्याचे आजोबा आमच्या वाड्यांत धोकटी घेऊन येत. रक्तांतून पसरणाऱ्या रोगांची भीति वाढल्यापासून त्यानेंहि जुना वस्तरा ठेवून दिला आहे. आतां तो गिऱ्हाइकासमोर नवें पातें काढतो, कागदासकट मधोमध मोडतो, एक अर्धुक वस्तऱ्याच्या मुठींत बसवितो आणि दुसरें पुढच्या माणसासाठीं आरशाखालीं ठेवतो. पुढचा माणूस कोण, हें तो विचारीत नाहीं.