पुस्तकाचे रूप : शिळेपासून पडद्यापर्यंत



पुस्तकाचे रूप म्हणजे मुखपृष्ठावरील चित्र, असा समज रूढ आहे. मला अभिप्रेत असलेले रूप त्याहून आतले आहे. अक्षराचे वळण, दोन ओळींमधील अंतर, पानाचा समास आणि बांधणी यांच्या मेळातून वाचकाची नजर न थकता पुढे सरकते. हे काम उत्तम साधले की ते ध्यानातही येत नाही. म्हणूनच त्याचा इतिहास सांगावा लागतो.

तो नल्लकुंट्यात सांगण्यास विशेष औचित्य आहे. येथून जवळच, 1918 साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ आहे. त्याचे शिक्षणाचे माध्यम प्रारंभी उर्दू होते. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरत जाते आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे प्रत्येक अक्षराचा आकार बदलतो. सरळ ओळीत बसणाऱ्या शिशाच्या खिळ्यांना ती वश होईना. म्हणून कातिबाने लिहावे आणि शिळेवरून छापावे, ही रीत दीर्घकाळ टिकली. आपल्या शहरातील छत्ता बाजार याच विद्येसाठी नावाजला गेला.

मराठीचाही या रीतीशी जुना संबंध आहे. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत पंचांग छापले ते शिळाप्रेसवरच. देवनागरी मात्र पुढे खिळ्यांत स्थिरावली, आणि त्यासाठी तिला किंमत मोजावी लागली. काना, मात्रा, उकार यांसह अक्षर अखंड ओतायचे तर शेकडो खिळे लागत. ते वेगळे ओतून जोडायचे तर सांधे दिसत. जावजी दादाजींनी 1864 साली अक्षरांचा कारखाना व 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी अक्षरे कोरली. संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासकांनी निर्णयसागरच्या प्रतीवर विश्वास ठेवला, त्यात शुद्ध पाठाइतकाच त्या सुबक अक्षराचाही वाटा होता, असे मी मानतो.

विसाव्या शतकात ही दृष्टी ललित साहित्यात आली. दीनानाथ दलाल आणि वसंत सरवटे यांनी मुखपृष्ठाला व्यक्तिमत्त्व दिले. अरुण कोलटकर हे कवी आणि जाहिरातक्षेत्रातील जाणते कलावंत. कवितेची ओळ पानावर कोठे थांबावी, हा त्यांच्या लेखी काव्याचाच प्रश्न होता.

आता संगणक आला आहे. 1981 साली मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून ‘नूरी नस्तालीक’ सिद्ध झाले आणि शिशाला न जमलेले काम यंत्राने केले. देवनागरीचे तुटलेले सांधेही पडद्यावर जुळले. र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ टंक 2000 सालच्या विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला. हा लाभ मोठाच आहे. परंतु पूर्वी अक्षर निवडण्यासाठी कोणीतरी माणूस बसत असे. आता ती निवड बहुधा आपोआप होते.

याचे एकच उदाहरण देतो. मराठी वळणाचा ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त. हिंदीत त्यांची वळणे वेगळी. 1991 पासून रूढ होत गेलेल्या युनिकोडमध्ये दोहोंसाठी सांकेतिक क्रमांक एकच असतो. रूप कोणते उमटावे, हे टंक ठरवतो, आणि अनेक टंकांत न मागता हिंदी वळणच उमटते. महाराष्ट्र शासनाने 2009 साली मराठी वळणे प्रमाण म्हणून निश्चित केली, तरी छापील पानावर ती विरळ होत आहेत. महाराष्ट्रात भिंती, पाट्या, फलक यांवर जुने वळण अद्याप भेटते. हैदराबादच्या मराठी मुलाला तो आधार नाही. त्याच्या भोवती तेलुगू, उर्दू, इंग्रजी आणि हिंदी अक्षरे आहेत. मराठी अक्षर त्याला पुस्तकातच भेटणार. तेथेही ते न भेटले, तर हरवले हेदेखील त्याला कळणार नाही.

म्हणून ग्रंथरचनेची कला कालबाह्य झाली, हे मला मान्य नाही. खिळे जुळवण्याचे कष्ट सरले. निवडीची जबाबदारी सरलेली नाही. ती पार पाडण्यास मोठा छापखाना नको. आपल्या शाळेची पुढील स्मरणिका छपाईला जाण्यापूर्वी एका विद्यार्थ्याने टंक पाहावा, ‘ल’ आणि ‘श’ तपासावेत, समास मोजावा आणि त्याचे नाव संपादकांच्या शेजारी छापावे, एवढी माझी विनंती आहे.