रणजी २०१३-१४ : महाराष्ट्राच्या गोलंदाजीचा कस

परभणी जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कार्यक्षेत्रात येतो. या संघटनेचा संघ २०१३-१४ मध्ये 'क' गटातून रणजी करंडकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. केदार जाधवने मोसमात १,२२३ धावा केल्या. बेसबॉलमध्ये बदललेला गोलंदाज त्या सामन्यात परतत नाही. क्रिकेटमध्ये कर्णधार त्याला पुन्हा चेंडू देऊ शकतो. त्यामुळे कोणाला केव्हा विश्रांती द्यायची, हाच खरा डावपेच. समद फल्लाह, अनुपम संकलेचा आणि श्रीकांत मुंढे या वेगवान त्रयीवर मोठी भिस्त होती. वानखेडेवरील उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईचा दुसरा डाव १२९ धावांत आटोपला. मग जाधव (नाबाद १२०) आणि जालन्याच्या विजय झोलने (नाबाद ९१) विजय साकारला. हैदराबादच्या अंतिम लढतीत मात्र कर्नाटक सरस ठरले. पहिल्या काही सामन्यांच्या आकड्यांवरून खेळाडूला मोडीत काढू नये, हाच या मोसमाचा धडा.