पोकळ, भरीव आणि मधली

गणेशोत्सवाच्या मांडवात माईक आणि कर्णा फार जवळ आले की 'कुईंऽऽ' असा कान किटवणारा आवाज निघतो आणि मागून कुणीतरी ओरडते, "अरे, आवाज कमी कर!" इथे अमेरिकेत शाळांची सभागृहे भाड्याने घेऊन कार्यक्रम करणाऱ्या आपल्या मंडळांनीही हा आवाज अनेकदा काढून दाखवला आहे. विजेवरच्या गिटारचा निम्मा इतिहास म्हणजे ह्या 'कुईं'शी केलेली झटापट, असे म्हटले तर जाणकारांनी फारशी हरकत घेऊ नये.

विषय काढण्याचे कारण असे की आपल्यातल्या बऱ्याच घरांत आता मुले हायस्कूलच्या जॅझ बँडमध्ये गिटार वाजवू लागली आहेत. शिक्षक सांगतात, "सेमी-हॉलो गिटार मिळाली तर बघा." म्हणजे अर्धी पोकळ, अर्धी भरीव. आई-वडील दुकानात जातात तर भिंतीवर एक लालचुटूक गिटार साडेतीन हजार डॉलरच्या आसपास, आणि चार हातांवर दुसरी, दिसायला तिची जुळी बहीण, सहा-सातशेला. मग मनात येते ते आपल्या पिढीच्या स्वभावाला धरूनच येते: ही स्वस्तातली नकली तर नव्हे? पैसे वाचवून आपण मुलाच्या शिक्षणात खोट तर ठेवत नाही ना? ह्याचे उत्तर विक्रेत्याला विचारण्यापेक्षा इतिहासाला विचारलेले बरे.

तंबोऱ्याचा आवाज कुठून येतो हे आपल्याला सांगायला नको. मिरजेचा कारागीर भोपळा निवडतो, त्यावर तबली बसवतो, आणि तार छेडली की तो सबंध पोकळ देह घुमतो. जुनी गिटारही त्याच जातीची. पण १९२०-३० च्या दशकांत अमेरिकेतल्या नाचगाण्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या गर्दीत बिचारी गिटार ऐकूच येईना. ती फक्त ठेका धरण्यापुरती उरली. आकार वाढवून पाहिला. मिशिगनमधल्या कालामाझू गावच्या गिब्सन कंपनीने १९३४ मध्ये १८ इंच रुंदीची गिटार काढली, तर न्यूयॉर्कच्या एपिफोन कंपनीने पुढच्याच वर्षी साडेअठरा इंची काढली! रुंदीच्या शर्यतीत माणसाच्या हाताची लांबी आडवी आली. अखेर १९३६ मध्ये गिब्सनने ईएस-१५० ही तारांखाली चुंबक बसवलेली गिटार बाजारात आणली. ईएस म्हणजे 'इलेक्ट्रिक स्पॅनिश'. चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये ती घेऊन बसला आणि सॅक्सोफोनसारख्या लांब लांब ताना घेऊ लागला. १९४२ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो क्षयाने गेला, पण गिटार पुढच्या रांगेत आली ती आलीच.

आता अडचण निराळी झाली. पोकळ पेटी घुमते हा तिचा गुण. पण अॅम्प्लिफायर मोठा केला की त्याच्या आवाजानेही ती घुमू लागते. तो घुमार तारा हलवतो, चुंबक तो पुन्हा अॅम्प्लिफायरकडे पाठवतो, आणि चक्र सुरू झाले की मांडवातली 'कुईं' हजर. गुण तोच दोष.

लेस पॉल ह्या वादकाने १९४०-४१ च्या सुमारास सरळ चार इंच बाय चार इंचाचा पाइनचा ओंडका घेतला, त्यावर तारा आणि चुंबके बसवली. ओंडका कसला घुमतो? 'कुईं' संपली. मात्र लोकांना ते ध्यान बघवेना, म्हणून त्याने एक पोकळ गिटार मधोमध चिरून तिचे दोन अर्धे भाग ओंडक्याच्या दोन्ही अंगांना पंखांसारखे डकवले. गिब्सनवाल्यांनी ते पाहून त्याला हसण्यावारी नेले. पुढे लिओ फेंडरने १९५० पासून कॅलिफोर्नियात सपाट भरीव गिटारी काढून बाजार मारला, तेव्हा गिब्सनला हाच लेस पॉल आठवला आणि १९५२ मध्ये त्याच्या नावाची भरीव गिटार निघाली.

लेस पॉलने तो ओंडका रविवारच्या सुटीत ज्या कारखान्यात बसून तासला तो एपिफोनचा होता. ह्या कंपनीची हकीकत आपण परदेशस्थांनी जरा थांबून ऐकण्यासारखी आहे. अनास्तासिओस स्टाथोपुलो हा स्मर्ना शहरातला, म्हणजे आज तुर्कस्तानात असलेल्या इझमीरमधला, ग्रीक वाद्यकारागीर. १९०३ मध्ये तो बायकामुलांसह न्यूयॉर्कला आला आणि १९१५ मध्ये वारला. थोरला मुलगा एपामिनोंदास तेव्हा बाविशीचा. त्याला सगळे 'एपी' म्हणत. असले नाव अमेरिकन जिभेला पेलायचे नाही हे ओळखून (आपल्यातले अनेक 'सॅम' आणि 'अॅश' हसतील) त्याने एपी आणि ग्रीकमधला 'फोन', म्हणजे ध्वनी, यांची सांगड घालून एपिफोन हे नाव केले. १९३० च्या दशकात गिब्सनला घाम फोडणारी कंपनी होती ती हीच; साडेअठरा इंची गिटार गमतीने निघालेली नव्हती. १९४३ मध्ये एपी रक्ताच्या कर्करोगाने गेला. भावाभावांचे पटेना, कामगारांशी तंटे झाले, धंदा फिलाडेल्फियाला गेला. १९५७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने सगळे एपिफोन वीस हजार डॉलरला उचलले. म्हणतात, त्यांना मुळात त्यातले उभे बास वाद्य बनवण्याचे सामान तेवढे हवे होते!

ह्या वेळी गिब्सनचे अध्यक्ष होते टेड मकार्टी. शिक्षणाने इंजिनिअर, स्वतः गिटारवादक नव्हेत. आपल्यातल्या इंजिनिअर मंडळींना बरे वाटेल अशी गोष्ट त्यांनी १९५८ मध्ये केली. पोकळ गिटारचा उबदार आवाज हवा आणि भरीवची शिस्तही हवी, तर दोन्ही एकत्र का नको? त्यांनी पातळ, जेमतेम पावणेदोन इंच जाडीचे अंग घेतले, दोन्ही बाजू पोकळ ठेवून त्यांवर इंग्रजी एफच्या आकाराची भोके पाडली, आणि दांडीपासून शेपटीपर्यंत आत मेपलचा एक सलग ठोकळा बसवला. घोडी आणि चुंबके त्या ठोकळ्यावर. तारांचा जोर भरीव लाकडावर, बाजूचे पंख मात्र हलकेच घुमणारे. ही ईएस-३३५. किंमत २६७ डॉलर ५० सेंट, म्हणजे आजच्या पैशात सुमारे २,९०० डॉलर. थोडक्यात, ती तेव्हाही स्वस्त नव्हती.

बी. बी. किंगची 'ल्यूसिल' ह्याच घराण्यातली. जाता जाता मुलांना जिंकण्यासाठी एक कोडे: 'बॅक टू द फ्यूचर' ह्या १९८५ च्या चित्रपटात मार्टी १९५५ सालच्या शाळेतल्या नाचात जी लाल गिटार वाजवतो, ती ह्याच घराण्यातली ईएस-३४५, आणि ती बाजारात आली १९५९ मध्ये. कालयंत्रात तो एकटाच बसला नव्हता म्हणायचा.

आता खरेदीदाराच्या कामाची गोष्ट. "स्वस्तातली ना, प्लायवूडची असणार" असे दुकानात कुणी म्हणाले तर घाबरू नका. १९५८ ची अस्सल ३३५ प्लायवूडचीच होती! मेपल, मध्ये पॉप्लर, पुन्हा मेपल, असे थर डकवून, दाबून तिची पाठ-पोट घडवलेली असे. अखंड लाकडाची तबली जास्त घुमते. इथे तर घुमणे आवरायचे होते. शिवाय मिशिगन-मिनेसोटाच्या हिवाळ्यात घरातली हवा कोरडी ठाक होते तेव्हा थरांचे लाकड तडकण्याची भीती कमी.

विकत घेतलेल्या एपिफोनचे गिब्सनने काय केले? प्रथम मानाने वागवले. शेरटन, कसिनो ह्या एपिफोन गिटारी कालामाझूतच, त्याच छपराखाली, त्याच हातांनी बनत. बीटल्सच्या तिघांनी १९६४ ते ६६ दरम्यान कसिनो घेतल्या. पण १९६९ मध्ये मूळ कंपनीवर एक्वादोरमध्ये बीअरच्या धंद्यावर वाढलेल्या कंपनीने ताबा मिळवला. हिशेबनीसांनी पाहिले की जपानी गिटारी निम्म्या दरात येताहेत, आणि १९७० च्या सुमारास एपिफोन हे नाव जपानला पाठवून दिले. मात्सुमोतो शहरात सिंगर शिवणयंत्रांच्या लाकडी पेट्या बनवणारा मात्सुमोकू नावाचा कारखाना होता. तो आता एपिफोन बनवू लागला. स्मर्नाहून आलेल्या कुटुंबाचे नाव, जे एके काळी गिब्सनच्या तोडीचे होते, ते गिब्सनच्या स्वस्त मालाची चिठ्ठी झाले. मला ही गोष्ट लागते, हे कबूल करतो. पण ते नाव त्यामुळेच टिकले हेही खरे; त्या काळचे कितीतरी अमेरिकन छाप आज फक्त संग्राहकांना माहीत आहेत.

पुढचा प्रवास अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोभेल. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन वधारला, जपानी माल महागला, १९८७ मध्ये मात्सुमोकू बंद पडला. तोवर काम कोरियात गेलेच होते. तिथले पगार वाढले तसे ते चीनकडे सरकले आणि २००४ मध्ये गिब्सनने चिंगदाओला एपिफोनसाठी स्वतःचा कारखाना काढला. इकडे कालामाझूचे दिवसही भरले. गिब्सनने टेनेसीत नॅशव्हिलला नवा कारखाना घातला होता. १९८४ मध्ये जुना बंद झाला. ज्या हातांनी ३३५ घडली ते हात घरी बसले.

नकलेचा प्रश्न जपान्यांशीही निघाला होता. इबानेझ हे नाव स्पॅनिश, पण कंपनी नागोयाच्या होशिनो घराण्याची. १९०८ मध्ये पुस्तकांच्या दुकानातून सुरू झालेली. तिच्या गिटारी गिब्सनशी इतक्या मिळत्याजुळत्या होत्या की १९७७ मध्ये गिटारच्या डोक्याच्या आकारावरून फिलाडेल्फियाच्या कोर्टात दावा पडला. तो बाहेरच मिटला. पण तोपर्यंत इबानेझने स्वतःच्या कल्पना लढवायला सुरुवात केली होती, आणि जॉन स्कोफील्डसारखा जॅझवादक त्यांची एएस-२०० ही सेमी-हॉलो वर्षानुवर्षे वाजवत आला. २००२ पासून त्यांची चीनमध्ये बनणारी आर्टकोर ही स्वस्त मालिका आहे आणि पाचशे डॉलरच्या आसपास तिच्यातली एएस जातीची गिटार सहसा निराश करत नाही.

म्हणजे 'नकली का?' ह्याचे उत्तर असे: रचना तीच, लाकडाची जात बरीचशी तीच, फरक कारागिरांच्या पगारात, चुंबके आणि बटणे यांच्या दर्जात, रोगणात आणि शेवटच्या हाताच्या सफाईत. हा शेवटचा फरक मात्र खराच असतो, म्हणून तपासूनच घ्यावी. पडद्यांच्या कडांवरून बोट फिरवा; करवतीसारख्या लागल्या तर दुसरी उचला. दांडीवरून एका डोळ्याने बघा, पतंगाची काडी बघतो तशी. खुंट्या पिळून सुरात आणा, दहा मिनिटे वाजवू द्या, पुन्हा सूर बघा. सगळी बटणे फिरवून खरखर ऐका, कारण ह्या गिटारला मागे झाकण नसते. आतली तार निखळली तर सारे काम एफच्या भोकातून चिमट्याने ओढून करावे लागते आणि दुरुस्तीवाला त्याचे पैसे लावतो. आणि आत ठोकळा आहे ना, हे विचाराच! कसिनो दिसायला सख्खी बहीण, पण आतून पूर्ण पोकळ. जॅझ बँडला ती चालेल, रॉक वाजवणाऱ्या चिरंजीवांच्या खोलीतून मात्र गणपतीचा मांडव ऐकू येईल.

सगळे पैसे गिटारवर न घालता शंभरेक डॉलर तारा, घोडी आणि दांडी जुळवून घेण्याच्या कामासाठी राखून ठेवा. सहाशेची गिटार चांगल्या माणसाकडून जुळवून घेतली की न जुळवलेल्या महागड्या गिटारपेक्षा हाताला गोड लागते. वापरलेली मिळाली तर आणखी बरे. ह्या वस्तू मुले कॉलेजला गेली की कपाटात जातात आणि मग निम्म्या किमतीला बाहेर येतात. आणखी एक सोय अशी की अॅम्प्लिफायर न जोडताही ही गिटार खोलीपुरती ऐकू येते. अपार्टमेंटच्या पातळ भिंतींपलीकडे शेजारी आणि अलीकडे एसएटीचा अभ्यास करणारी बहीण असेल तर हा गुण लहान नाही.

शिकागो-डेट्रॉइट रस्त्याने, आय-९४ वरून जाताना कालामाझू मध्यावर लागते. पार्सन्स स्ट्रीटवर गिब्सनची ती जुनी विटांची इमारत आणि तिचे धुराडे आहे. कारखाना नॅशव्हिलला गेला तेव्हा गाव सोडायला तयार नसलेल्या काही कामगारांनी १९८५ मध्ये तिथेच हेरिटेज नावाची स्वतःची कंपनी काढली, जुनीच यंत्रे घेऊन. एच-५३५ ही त्यांची सेमी-हॉलो. किंमत मात्र आपल्या परवडणाऱ्या यादीतली नाही.