फिरंगी : एका शब्दाचा प्रवास

‘फिरंगी म्हणजे इंग्रज’, असे माझे विद्यार्थी सहज सांगतात. चित्रपटांनी त्यांना तेच शिकवले आहे. हकीकत अशी की, इंग्रज दख्खनमध्ये येण्याआधीच हा शब्द इथे रुळला होता. त्याचे मूळ आहे ‘फ्रँक’ या जर्मानिक टोळीत.

पाचव्या शतकात या टोळीने आजच्या फ्रान्सचा बराच मुलूख जिंकला आणि देशाला तिचेच नाव पडले. सत्ता फ्रँकांची, म्हणून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फ्रांक’ म्हणजे ‘स्वतंत्र’ झाले. इंग्रजीत त्याच शब्दाचा अर्थ झाला ‘मोकळेपणाने बोलणारा’. 1360 मध्ये फ्रान्सच्या एका नाण्यालाही हे नाव मिळाले.

1096 साली पहिले क्रूसेड निघाले. त्यात नॉर्मन होते, इटालियन होते, पण अरबांनी सगळ्यांना ‘इफ्रंज’ म्हटले. फारसीत त्याचे ‘फरंगी’ झाले आणि आपल्याकडे ‘फिरंगी’.

आपल्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य येत असे. पुढे 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलच्या पोर्तुगीजांना वेढा घातला. म्हणजे याच घराण्याचा फिरंग्यांशी इलाजाचाही संबंध होता आणि लढाईचाही.

याच शहरात 1549 मध्ये मुलूख मैदान तोफ ओतली गेली. ओतणारा मुहम्मद बिन हसन रुमी. ‘रुमी’ शब्दाच्या मुळाशी रोम शहर आहे. पूर्व रोमन साम्राज्याचा मुलूख तुर्कांनी घेतला, तरी त्याचे ‘रूम’ हे नाव टिकले.

मराठीने ‘फिरंग’ म्हणजे सरळ पात्याची तलवारही केली. 1660 मध्ये शाइस्ताखानाविरुद्ध चाकणचा किल्ला लढवणाऱ्या फिरंगोजी नरसाळा यांच्या नावातही तोच शब्द ऐकू येतो. दुसरीकडे ‘भावप्रकाश’ या सोळाव्या शतकातल्या वैद्यकग्रंथात एका गुप्तरोगाला ‘फिरंग रोग’ म्हटले आहे. एकाच शब्दाच्या वाट्याला मानही आला आणि बदनामीही.

युरोपनेही हेच केले. मुसलमान कुठलाही असो, त्याला ‘तुर्क’ म्हणून टाकले. दूरच्या माणसांना एकाच नावात बांधणे सोपे असते. पण शेजाऱ्याचेही तसेच होते. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला आजही विचारतात, ‘तुमची भाषा उर्दूच ना?’ मी दोन्ही भाषा शिकवतो. कोकणातल्या मुसलमानाची बोली वेगळी, आमच्या नगरकडच्या मुसलमानाची वेगळी, हे वर्गात मुद्दाम सांगतो. ‘फिरंगी’ शब्द आला की मुलांना एवढेच विचारायला लावतो : कोणता फिरंगी? कुठला? कोणत्या काळातला? हाच प्रश्न आपल्याबद्दलही विचारला जावा, एवढीच अपेक्षा.