ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स कार्ड : व्यक्तिगत संगणकाच्या पडद्यावर अक्षरे व चित्रे उमटविणारे, मुद्रित मंडलाच्या स्वरूपाचे जोड-उपकरण. ते संगणकाच्या मुख्य फलकावरील खाचेत बसवितात. पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग कार्डाच्या स्मृतीत अंकरूपाने साठविलेला असतो.

आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये आपला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यासाठी दोन कार्डे उपलब्ध होती. एक (एमडीए) एकरंगी व केवळ अक्षरे दाखविणारे होते. दुसऱ्यावर (सीजीए) ३२० × २०० बिंदूंच्या चित्रात एका वेळी चारच रंग मिळत. पुढे ईजीए (१९८४) व व्हीजीए (१९८७) ही कार्डे आली. व्हीजीएवर ६४० × ४८० बिंदूंच्या चित्रात १६ रंग दाखविता येत.

मराठी वापरणाऱ्यांची खरी अडचण रंगांची नव्हती, लिपीची होती. सीजीए कार्डावर प्रत्येक अक्षरास ८ × ८ बिंदूंची चौकट मिळे आणि एकूण आकृत्या २५६ असत. रोमन लिपीस एवढे पुरे; पण ‘महाराष्ट्र’ या शब्दातील अखेरचे जोडाक्षरदेखील अशा चौकटीत सुवाच्य बसणे अशक्यप्राय होते. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८० नंतरच्या दशकात या प्रश्नावर संशोधन झाले. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) ते पुढे नेऊन ‘जिस्ट’ कार्ड प्रचारात आणले. ते बसविले की डॉस प्रणालीवरील मूळ इंग्रजीसाठी लिहिलेले कार्यक्रमही भारतीय लिप्यांत चालविता येत. म्हणजे महाराष्ट्रातील कार्यालयात कार्डाची निवड ही प्रथम लिपीची निवड होती.

विंडोज प्रणालीत अक्षरे चित्ररूपाने रेखाटली जाऊ लागल्यावर स्वतंत्र लिपी-कार्डाची गरज ओसरली व रंगांचा विचार पुढे आला. ‘हाय-कलर’ कार्डांत प्रत्येक बिंदूस १५ किंवा १६ बिट देऊन अनुक्रमे ३२,७६८ किंवा ६५,५३६ रंग मिळवितात. जुन्या संगणकासाठी असे कार्ड निवडताना प्रथम स्मृतीचा हिशेब करावा लागे. ६४० × ४८० बिंदूंस ६,१४,४०० बाइट लागतात. ५१२ किलोबाइट म्हणजे ५,२४,२८८ बाइटच, त्यामुळे एवढी स्मृती अपुरी पडे. एक मेगाबाइटमध्ये मात्र ८०० × ६०० बिंदूंचे चित्रही (९,६०,००० बाइट) मावते. १,०२४ × ७६८ बिंदूंसाठी दोन मेगाबाइट हवेत.

यानंतर खाच पाहावयाची. जुन्या संगणकात आयएसए खाचाच असत. व्हेसा आणि पीसीआय या जलद खाचा १९९२ नंतरच्या. आयएसएमधून दुप्पट बाइट पाठवावे लागल्याने हाय-कलर चित्र २५६ रंगांच्या चित्रापेक्षा मंद गतीने उमटे. सर्वांत महाग चूक पडद्याबाबत होई. सीजीए व ईजीएचे पडदे केवळ अंकीय संकेत स्वीकारत. त्यांना रंगछटांच्या सलग संकेतांचे व्हीजीए वा हाय-कलर कार्ड जोडता येत नसे. कार्डाबरोबर पडदाही बदलावा लागे. शिवाय विंडोजच्या त्या आवृत्तीसाठी त्याच कार्डाचा चालक कार्यक्रम (ड्रायव्हर) हाती नसेल, तर हे महागडे कार्डही १६ रंगांवरच अडे.

पुस्तकांच्या अक्षरजुळणीस मात्र हा खर्च क्वचितच सार्थ ठरे. काळ्या मजकुराच्या पानाला १६ रंग पुरेसे असत आणि तेवढाच पैसा मोठ्या पडद्यावर वा मुख्य स्मृतीवर घातल्यास जुळणी करणाऱ्याच्या डोळ्यांना व वेळेला अधिक लाभ होई. छायाचित्रे व मुखपृष्ठे यांचे काम करणाऱ्यांना हाय-कलर खरोखर आवश्यक होते, कारण २५६ रंगांत त्वचेच्या व आकाशाच्या छटा तुटक दिसत. पुढे विंडोज २००० मध्ये युनिकोडवर आधारित देवनागरी प्रणालीतच समाविष्ट झाली.