बोंडअळीला विषाची 'सवय' झाली का? उत्क्रांतीची कल्पना लामार्कपासून जनुकापर्यंत

उमरेड-भिवापूरकडे कपाशी लावणाऱ्या कुणालाही 2017 चा हंगाम विचारा. बीटी कपाशीच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी निघाली आणि विदर्भभर हाताशी आलेलं पीक गेलं. बीटी म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेली कपाशी. हे झाड अळीला मारणारं प्रथिन स्वतःच तयार करतं. भारतात ती 2002 मध्ये आली, 2006 मध्ये दोन प्रथिनांचं बियाणं आलं आणि दहा-बारा वर्षांत अळीने दोन्ही पचवली.

"अळीला सवय झाली," असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ही उत्क्रांती आहे. आणि 'सवय' ही तिची 200 वर्षं जुनी, मागे पडलेली आवृत्ती आहे.

लामार्क: सवय वारशात मिळते

1809 मध्ये फ्रान्सच्या लामार्कने मांडलं की प्राणी गरजेप्रमाणे बदलतात आणि तो बदल पिल्लांना मिळतो. मान ताणून ताणून लांब झालेला जिराफ हे त्याचं गाजलेलं उदाहरण. यंत्रणा चुकली, पण त्याला हसू नका. प्रजाती बदलतात हेच तेव्हा बहुतेकांना मान्य नव्हतं.

डार्विन आणि वॉलेस: फरक आधीच असतो

1858 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचं लिखाण एकत्र वाचलं गेलं, पुढच्या वर्षी डार्विनचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं बोंडअळीला लावून बघा. असंख्य अळ्यांमध्ये एखादी जन्मतःच अशी असते की तिच्यावर विष चालत नाही. ती काही शिकलेली नसते. बाकीच्या मरतात, तिची पिल्लं उरतात. हे पिढ्यानपिढ्या चालतं, आणि एका हंगामात अळीच्या अनेक पिढ्या होतात.

यातली अडचण 1867 मध्ये फ्लीमिंग जेन्किनने दाखवली. हा इंजिनिअर होता, म्हणजे आमच्याच बिरादरीतला! आई-बापाचे गुण रंगांसारखे मिसळत असतील, तर एकटीदुकटी वेगळी अळी काय करणार? तिच्या पिल्लांत तो गुण निम्मा, नातवंडांत पाव, मग गायब. डार्विनकडे याचं समाधानकारक उत्तर नव्हतं.

मेंडेल: रंग नाही, डिजिटल फाइल

उत्तर 1866 मध्येच छापलं गेलं होतं, पण 1900 पर्यंत त्याकडे जवळपास कुणी बघितलं नाही. वाटाण्यावरच्या प्रयोगांतून मेंडेलला दिसलं की गुण सुट्या एककांनी पुढे जातात. ते लपतात, पण पातळ होत नाहीत. कॅसेटवरून कॅसेट भरली की आवाज खराब होत जातो, पण फाइल कॉपी केली की जशीच्या तशी येते. तसंच हे.

बोंडअळीची प्रतिकारशक्ती मुख्यतः अशीच लपणारी आहे. आई आणि बाप दोघांकडून ते जनुक मिळालं तरच अळी वाचते, एकाच बाजूने मिळालं तर बहुतेक मरते. म्हणून तर 450 ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साधी सरकी यायची. धुऱ्याकडेने ती लावायची, तिच्यावर साध्या अळ्या वाढू द्यायच्या. त्यांचे पतंग त्या मोजक्या प्रतिकारक पतंगांशी जुळले की पुढची पिल्लं बीटीवर मरतात. पण अळीसाठी मुद्दाम ओळी सोडायला कुणाचं मन होणार? अनेकांनी ती लावलीच नाही, आणि प्रतिकारक पतंग एकमेकांशीच जुळत गेले.

डार्विनची निवड आणि मेंडेलची एककं यांची गणिती सांगड फिशर, राइट आणि हॉल्डेन यांनी मुख्यतः 1920-30 च्या दशकांत घातली. हॉल्डेन 1957 मध्ये भारतात आले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. 1953 मध्ये डीएनएची रचना कळली, आणि मग ते एकक नेमकं कुठे आहे हे शोधता येऊ लागलं.

बोंडअळीत तेही सापडलं आहे. पहिलं बीटी प्रथिन अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांवरचा अभ्यास 2014 मध्ये छापून आला. त्यांच्या कॅडहेरिनच्या जनुकात एक नाही, अनेक प्रकारचे बिघाड होते. कुलूपच बदललं, किल्ली लागेना.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात हीच अळी आणि हीच बीटी, तीही 1996 पासून. तिथे आधी साध्या कपाशीचे पट्टे काटेकोर लावले, नंतर वांझ केलेले पतंग विमानातून सोडले. तिथल्या अळीत प्रतिकार वाढला नाही. 2018 मध्ये अमेरिकेने आपल्या कपाशीतून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं.