टिकटॉक बंदी आणि चिनी भाषेचे अध्ययन

जानेवारी २०२५ मध्ये टिकटॉक या अ‍ॅपवरील बंदी जवळ येताच अमेरिकेत चिनी (मंदारिन) भाषा शिकू पाहणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली. चिनी मालकीच्या अ‍ॅपपासून नागरिकांना दूर ठेवण्यासाठी योजलेल्या उपायामुळे काही काळ चिनी भाषेविषयीचे कुतूहलच वाढले, हे या घटनेचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

टिकटॉकची मूळ कंपनी बाइटडान्स ही चिनी आहे. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून अमेरिकेत २४ एप्रिल २०२४ रोजी कायदा झाला. कंपनीने १९ जानेवारी २०२५ पर्यंत टिकटॉकची मालकी सोडावी, अन्यथा अ‍ॅपवर बंदी येईल, अशी त्यात तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी रोजी हा कायदा वैध ठरविला.

शाओहोंगशूकडे ओघ

बंदीपूर्वीच्या आठवड्यात अनेक वापरकर्ते शाओहोंगशू (रेडनोट) या चिनी अ‍ॅपकडे वळले. २०१३ साली शांघाय येथे सुरू झालेल्या या अ‍ॅपवरील बहुतांश मजकूर चिनी भाषेत असतो. नवागत स्वतःला ‘टिकटॉक निर्वासित’ म्हणवीत. चिनी सदस्य त्यांच्याकडे गमतीने ‘कर’ म्हणून मांजरांची छायाचित्रे मागत, तर काही विद्यार्थी इंग्रजीच्या गृहपाठात त्यांचे साहाय्य घेत. अशा संवादातून भाषेची गरज निर्माण झाली. अमेरिकेतील नव्या मंदारिन विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे २१६ टक्क्यांनी वाढल्याचे डुओलिंगो या भाषाशिक्षण अ‍ॅपने जाहीर केले.

मर्यादा

टिकटॉकची सेवा १९ जानेवारी रोजीच पूर्ववत होऊ लागली. शाओहोंगशूनेही भाषांतराची सोय दिल्याने भाषा शिकण्याची तातडी ओसरली. शिवाय नोंदणी म्हणजे प्रभुत्व नव्हे. अमेरिकी परराष्ट्र सेवा संस्थेच्या अंदाजानुसार इंग्रजीभाषकास मंदारिन आत्मसात करण्यास सुमारे २,२०० तासांचे वर्गशिक्षण लागते. अमेरिकेतील महाविद्यालयांत चिनी शिकणाऱ्यांची संख्या २०१३ मधील सुमारे ६१ हजारांवरून २०२१ मध्ये सुमारे ४६ हजारांवर आली होती. क्षणिक कुतूहल आणि दीर्घ अध्ययन यांतील अंतर यावरून लक्षात येते.

भारतातील स्थिती

गलवान संघर्षानंतर भारताने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यानंतर महिन्याभरात जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परकीय भाषांच्या उदाहरणांतून चिनीचा उल्लेख वगळण्यात आला. २०१९ च्या मसुद्यात तो होता. बंदीचा भाषाशिक्षणावरील परिणाम त्या देशातील राजकीय परिस्थिती आणि वापरकर्त्यांसमोरील पर्याय यांवर अवलंबून असतो, असे या दोन उदाहरणांवरून दिसते.